लाल फुगा आणि लाल शाई

शनिवारी सायंकाळी आमच्या धर्मग्रामात मराठी लेखनाचा एक लहानसा वर्ग भरतो. सीमाभागातील आमची बहुतेक मुले शाळेत कन्नड वा इंग्रजी शिकतात. घरी मराठी बोलतात, परंतु लिहिण्याचा प्रसंग आला की हात अडखळतो. ‘माझा आवडता सण’ म्हटले की सर्वांच्या वहीत तीच दहा वाक्ये! मी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारीत असे आणि मनातून कंटाळत असे. मुलेही कंटाळत असावीत. ती सांगत नसत, इतकेच.

चित्रपटाविषयी मला फारशी आस्था नव्हती, हे कबूल केले पाहिजे. अकराव्या पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले. त्यातील इशारे तेवढे माझ्या लक्षात राहिले. चांगल्या चित्रपटाचे सामर्थ्यही त्यांनी त्यातच वाखाणले आहे, हे मी सोयीने विसरलो. तथापि एका शिक्षिकाबाईंच्या आग्रहावरून मुलांस ‘लाल फुगा’ दाखविला. अल्बेर लामोरिस यांचा हा १९५६ सालचा फ्रेंच चित्रपट अवघ्या ३४ मिनिटांचा आहे. संवाद जवळजवळ नाहीतच. तरीही पटकथालेखनाचे ऑस्कर त्यास मिळाले. हे सांगताच मुले हसली. बोलायचेच नाही, तर लिहायचे काय?

पॅरिसमधील पास्काल नावाच्या मुलास शाळेच्या वाटेवर एक फुगा सापडतो आणि तो फुगा कुत्र्याच्या पिलासारखा त्याच्या मागे फिरू लागतो. मुलांनी लिहिले, ‘फुगा उडाला. फुगा पुन्हा उडाला.’ तोच प्रसंग मी पुन्हा दाखविला आणि एवढेच विचारले, “उडाला खरा, पण कसा?” मग एकीला ‘घुटमळला’ सुचले, दुसऱ्याला ‘हुलकावणी दिली’, आणि अगदी मागच्या बाकावरून आवाज आला, “डोकावला!” हे शब्द त्यांच्या घरचेच होते, वहीत मात्र कधी आले नव्हते. पडद्यावर उतरवून घ्यावयास वाक्येच नव्हती, म्हणून ते आले असावेत.

रविवारी फुगा पास्कालच्या मागोमाग चर्चमध्ये शिरतो आणि तेथील सेवक मुलाला बाहेर काढतो. येथे चित्रपट थांबवून मी लिहावयास सांगितले. एरवी तीन ओळींपलीकडे न जाणाऱ्या एका मुलाने पानभर लिहिले. शेवटी होते: ‘आपल्या चर्चमध्ये फुगा आला असता तर फादरांनी पण हाकलला असता. मला हसलो म्हणून हाकलले होते.’

खरे होते. भर मिस्सेत तो हसला होता आणि मी त्यास बाहेर पाठविले होते. कारण विचारण्याचे मला सुचलेही नव्हते.

मी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले; मजकुरास हात लावता आला नाही. पुढच्या शनिवारी त्यास जवळ बोलावून विचारले, “बाळा, त्या दिवशी तुला हसू कशाचे आले होते?”

“फादर, तुम्ही डोळे मिटले होते ना, तेव्हा वेदीवर चिमणी येऊन बसली होती.”

“हे लिहून आण,” मी म्हणालो.