उधारीची वही

उल्हासनगरात कुणाला पत्ता विचारला की तो आधी कॅम्पचा नंबर सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी जे विकता येईल ते विकून संसार पुन्हा उभे केले. अशाच एका सिंधी काकांच्या किराणा दुकानावर आमच्या घरची चूल पेटायची. अब्बा शिवणकाम करीत. ईद आणि दिवाळीच्या आधी त्यांच्या हातात पैसा खेळे, पावसाळ्यात खेळत नसे. भूक मात्र बारा महिने लागे.

सामान आणायला अम्मी मला पाठवी. काका लाल कापडाची वही काढून उजवीकडून डावीकडे लिहीत. सिंधीची ती अरबी वळणाची, 52 अक्षरांची लिपी. मी उर्दू शाळेत चौथीला होते. काही अक्षरांवर चार-चार नुक्ते असत, तिथे अडायला होई. बाकीचे मी काउंटरच्या अलीकडून उलटे वाचून काढी. आमच्या खात्यावर अब्बांचे नाव नव्हते, नुसते ‘दर्जी’ होते. फाळणीने ज्याचे घर हिरावले, त्याच्या वहीत एका मुसलमान शिंप्याचे खाते होते, आणि तेही माझ्या शाळेच्या लिपीशी नाते सांगणाऱ्या अक्षरांत. तेव्हा यात काही विशेष वाटले नाही. आज वाटते.

आता मी बी.एड. करून शिक्षिका झाले आहे. सासर अंबरनाथचे, शाळा उल्हासनगरची, बहीण बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये. 2001 मध्ये बिग बाजार सुरू झाले, 2002 मध्ये पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. पुढे तशा मोठ्या दुकानांत जाण्याची सवय आमच्या लोकललाइनलाही लागली. पगार झाला की बहीण आणि मी पिशव्या घेऊन निघतो.

त्या दुकानांबद्दल मला राग नाही. उलट बुरखा घातलेल्या बाईला तिथे जो मोकळेपणा मिळतो, तो गल्लीतल्या दुकानात मिळतोच असे नाही. काउंटरवर पुरुषांची गर्दी, मागून हात पुढे करायचा, आणि ‘दुसरे दाखवा’ म्हणायचा संकोच. मोठ्या दुकानात वस्तू हातात घ्या, उलटीपालटी करा, त्यात काय-काय घातले आहे ते वाचा, नको असेल तर परत ठेवा. भाव छापलेला, तो सगळ्यांना एकच. ही लहान गोष्ट नाही. स्वस्ताईचे कारणही सरळ आहे. एकदम मोठी खरेदी आणि पुरवठादाराला वेळेवर पैसे, म्हणून भाव खाली येतो. आमचा किराणावाला घाऊक व्यापाऱ्याकडून स्वतःच उधारीवर माल आणतो. त्याला ती सवलत कुठून मिळणार?

पण मोठ्या दुकानात एक गोष्ट विकायला नसते. ती म्हणजे मुदत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील जीन्सच्या कारखान्यांत किंवा नाक्यावर रोजंदारीवर आहेत. 5 किलोच्या पिशवीवर सूट असते हे त्यांनाही कळते. पण 5 किलोचे पैसे एकदम हातात येतात कधी? त्यांना पाव किलो तांदूळ, दहा रुपयांचे तेल हवे असते, आणि शनिवारपर्यंत थांबणारा माणूस हवा असतो.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि महिन्याभरात रमजान आला. तेव्हा मी ज्या शाळेत होते तिथला पगार तीन महिने थांबला. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार शटर अर्धे वर करून म्हणाला, “भाभी, लिहून ठेवतो, सावकाश द्या.” त्या वर्षी आमची सहेरी-इफ्तार त्या एका वाक्यावर निभावली.

वहीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उधारीवाल्याला भाव विचारायची सोय नसते. तांदळात खडे निघाले तरी गप्प बसावे लागते. चार माणसांत ‘बाकी कधी देणार?’ ऐकावे लागते. अम्मीने हे सगळे ऐकले आहे.

तरीही काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. रोख पैसेवाले गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे वळले की गल्लीतल्या दुकानाकडे फक्त उधारीचे उरते. रोखीच्या जोरावर उधारी पेलणारा दुकानदार मग किती दिवस तग धरणार? तो ‘आज नगद, कल उधार’ची पाटी लावतो. बिग बाजारसारखे अवाढव्य नावसुद्धा 2022 मध्ये बंद पडले. ह्यांचे तर दहा फुटांचे दुकान. ते गेले तर सावकाराचा दरवाजा उरतो, आणि तो व्याज मागतो.

कुराणातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलाही आहे, हे आपण मुलांना शिकवतो. रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, फोटोही काढतो. आमच्या मोहल्ल्यातल्या आम्ही काही जणींनी दोन वर्षांपूर्वी ठरवले की जकातीतला थोडा भाग किराण्याच्या वहीत भरायचा. दुकानदाराने वही दाखवायला नकार दिला. “गिऱ्हाईकाचे खाते मी दुसऱ्याला दाखवत नाही,” म्हणाला. आम्हाला त्याचे म्हणणे पटले. आम्ही हक्कदार कोण ते समजावून रक्कम ठेवून आलो. कुणाची बाकी पुसली गेली ते आम्हाला माहीत नाही, आणि कुणी पुसली ते त्या घराला माहीत नाही.

पगाराच्या दिवशी मी आजही मोठ्या दुकानात जाते. पण साखर, चहा आणि तेल कोपऱ्यावरूनच घेते, आणि रोख पैसे देऊन. दोन-चार रुपये जास्त जातात. ते रुपये वीस तारखेनंतर वहीशिवाय ज्यांचे भागत नाही, त्यांच्या खात्यात जमा होतात असे मी समजते.