आमच्या घरातल्या चाली

आमच्या घरातली आजीच्या पिढीची एकही बाई उपदेशाला उभी राहिली नाही. उपदेश आजोबा करायचे. पाळकसाहेब सोलापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, आणि ते नसतील त्या रविवारी शाळामास्तर असलेले आजोबा बायबल उघडून टेबलामागे उभे राहायचे. बाकी सगळं बायकांचं. सतरंज्या झटकणं, पेटी काढणं, गीत लावणं, कोण आलं नाही ते बघणं, उपासना संपल्यावर चहा टाकणं, आणि न आलेल्याच्या घरी संध्याकाळी भाकरी-कालवण घेऊन जाणं. पुरुष त्याला 'बायकांची मदत' म्हणत. आता मागे वळून बघताना वाटतं, मदत आजोबांची होती, मंडळी बायकांची होती.

धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. आमच्या पिढीच्या तोंडून अजूनही तेच येतं. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे बरीच वर्षं उपासना आमच्या पुढच्या खोलीत व्हायची. आजी नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली, म्हणून स्वतःला सुशिक्षित समजणारी. आजोबांची बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, सोलापूरकडे वाढलेली. धाकटी मावसआजी मिरजेला नर्सिंग शिकून आलेली. आणि एक माय, जी कुणाचीच कुणी नव्हती. एका दुष्काळात आली आणि राहिली. तिला आडनाव विचारलं की ती आमचंच सांगायची.

या बायकांच्या आठवणी काढायला आम्ही भावंडं जमलो की गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी पेटीवर येते. पेटी आत्याआजीची. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण काळी चार धरली की तासभर हलायची नाही. पुढ्यात 'उपासना संगीत' उघडं असायचं ते मान म्हणून. गीतं सगळी पाठ. पुस्तकात गीतावर चालीचं नाव असलं तरी खाली सूर नाहीत. नारायण वामन टिळकांचं पद आहे एवढं पुस्तक सांगतं, पण ते कसं म्हणायचं हे माणसालाच माणसाकडून घ्यावं लागतं. म्हणजे शब्द छापखान्यानं सांभाळले, सूर बायकांनी.

टिळकांचं नाव आमच्या घरात घरातल्या माणसासारखं घेतलं जायचं. त्यांच्या आधीही मराठीत ख्रिस्ती गीतं होती. नगरला कृष्णरत्न सांगळ्यांसारखे कवी-कीर्तनकार होऊन गेले होते, आणि त्याही फार मागे, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापलं गेलं होतं. पण मिशनच्या देवळांत बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली असायची. मराठी शब्दांना तिथे श्वास घ्यायला जागा नसे. टिळकांनी अभंग आणले, ओवी आणली, भजन आणलं. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. नगरच्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. जात्यावर बसल्यावर तिच्या तोंडी तुळजापूरच्या आईची ओवी आणि येशूची ओवी एकामागून एक यायची, आणि आजोबांनी खाकरून दाखवलं तरी तिचा हात थांबायचा नाही.

बायबलशेजारी आमच्या फळीवर आणखी एक पुस्तक असायचं, कव्हर गेलेलं, पहिली काही पानं सुटलेली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. दुपारी जेवणं आटोपल्यावर आजी ते मोठ्यानं वाचायची, बाकीच्या तांदूळ निवडत ऐकायच्या. आजीचं वाचन अडखळत चालायचं, पण लक्ष्मीबाईंचं लिहिणंच असं की अडखळून वाचलं तरी बोलल्यासारखं ऐकू येतं. त्यांची शाळा अशी झालीच नव्हती. १८६८ सालचा जन्म, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, अकरा-बारा वर्षांची असताना लग्न. वाचायला शिकवलं नवऱ्यानं. १८९५ साली नवरा मुंबईला जाऊन ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई लहान मुलाला घेऊन मागे राहिली, काही काळ पंढरपुरात राहिली, रडली, चिडली, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, राहुरीला तिचाही बाप्तिस्मा झाला. कुणी ओढून नेलं नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे तिला आधी पटलं, धर्म मागाहून बदलला.

या पुस्तकातल्या एका भागावर घरात दर वेळी हशा व्हायचा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची. माय म्हणायची, "आपण दारातनं गेलो असतो तर रस्ताच धुवायला काढला असता म्हाताऱ्यानं." सगळ्या हसायच्या. आम्ही पोरंही हसायचो. त्या हसण्यात काय होतं ते कळायला पुढे वीस वर्षं गेली. आमची माणसं महारवाड्यातून, मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेली. लक्ष्मीबाईंना जे टाकून द्यावं लागलं ते आमच्या आज्यांकडे कधी नव्हतंच. तरीही त्यांनी या ब्राह्मणाच्या लेकीला आपली मानलं, कारण तिच्या पुस्तकातलं स्वयंपाकघर त्यांचं होतं: नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, न सांगता माणसं जेवायला येतात, आणि देवाचं काम म्हणजे डाळीत आणखी पाणी घालणं. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. आजोबा ते वाचून भारावून जात. आजी विचारायची, "आणि किराणा?"

टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे राहिले. दुष्काळातली अनाथ पोरं राहिली. तारा नावाची मुलगी लेक म्हणूनच वाढली. प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई आजारी मुलींच्या सेवेला स्वतःहून गेल्या. जिथे घरची माणसंही जवळ जायला कचरत होती तिथे. हे सगळं त्या अशा सुरात सांगतात की शेजारणीकडून विरजण आणायला गेले होते. कर्तबगारीचा आव कुठे नाही. मोठ्या पुढाऱ्यांची आत्मचरित्रं वाचल्यावर हे पुस्तक हातात घ्यावं, म्हणजे फरक कळतो.

आमच्या घरातल्या प्रत्येक कामाला लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून एक दाखला मिळायचा. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा कोरडा पडला. माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर लाल मिलो आली, पोरांना सुकडी मिळू लागली. आमच्या अंगणात सकाळी दुधाच्या पावडरीचं पातेलं चढायचं. कोण कुठल्या जातीचं, कुठल्या देवाचं, हे विचारायची सोय नव्हती, कारण रांग मायच्या ताब्यात होती आणि तिचा आवाज मोठा. रांगेत पोरं कंटाळली की आत्याआजी पेटी बाहेर काढायची. भजन शिकवायचा तिचा हेतू असेलही, पण पोरांना ढोलकीच हवी असायची, आणि पातेलं रिकामं होईस्तोवर बाहेर चांगला तमाशा उभा राहायचा. एका वयस्क गृहस्थांनी याला आक्षेप घेतला होता. आजीनं त्यांना पळी देऊन वाढायला लावलं.

कोजागिरीच्या सुमाराला तुळजापूरची वाट अनवाणी माणसांनी भरते. आमच्या बायका रस्त्याच्या कडेला माठ मांडून बसायच्या. उदो उदो करत येणारी बाई पाणी पिऊन, पाय चेपून घेऊन, "कुठल्या गं तुम्ही?" विचारायची. "इथल्याच," आजी सांगायची. आजोबांना वाटायचं, निदान एक पत्रक तरी द्यावं, सुवार्तेची संधी आहे. पत्रकं पिशवीतच राहायची. आजीचं म्हणणं, तहानलेल्या माणसाला वाचायला लावू नये.

मिरजेच्या मावसआजीची हकिकत वेगळी, आणि ती बार्शी लाइटच्या रुळांवरून जाते. ही अरुंद रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, १९०७ला तडवळ्यापर्यंत आणि १९११ला लातूरपर्यंत आली. दुसऱ्या टोकाला १९२७ साली ती मिरजेला पोचली. आमच्या भागाच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच: येडशीला बसलेलं माणूस वॉनलेस डॉक्टरांच्या मिशन इस्पितळात जाऊ शकत होतं. आजारी माणसं गेली, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या काही मुली तिथेच नर्सिंगला राहिल्या. मावसआजी त्यातली एक. ती परत आली ती पांढऱ्या कपड्यांत, घड्याळ बांधून, आणि कुणाचंही न ऐकण्याची सवय घेऊन. बाळंतपणाला रात्री-अपरात्री बोलावणं आलं की कंदील आणि पिशवी उचलायची. वेणा लांबल्या की गायची. बाई हिंदू असो की मुसलमान, गाणं एकच, टिळकांचं. त्यातला देव कोण हे त्या वेळी कुणी विचारत नसे. तिनं लग्न केलं नाही. याबद्दल घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, आणि आम्हा मुलींना ती त्यामुळेच जास्त आवडायची.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आजी नव्हती, आत्याआजीला दिसत नव्हतं. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं झोपली होती. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं म्हणून तेच नाव जगभर झालं, पण आमच्या जिल्ह्यातली उमरगा-लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावंही त्याच पहाटे दगडमातीखाली गेली. निवृत्त झालेली मावसआजी तिसऱ्या दिवशी एका मदतीच्या जीपमध्ये बसली. परतल्यावर तिनं फारसं काही सांगितलं नाही. पुढचे कित्येक रविवार ती गीताच्या वेळी गप्प बसून राहायची, तोंड उघडायची नाही. आम्ही हे धरून बोललो नाही कधी.

या बायकांपैकी एकीनंही ओळ लिहून ठेवली नाही, हे मला लागून राहतं. लक्ष्मीबाईंनीही कदाचित लिहिली नसती. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागत होता, त्यातून सुरुवात झाली आणि १९३४पासून भाग छापून येऊ लागले. नवऱ्याचं चरित्र सांगायला बसलेली बाई स्वतःचं सांगून गेली आणि मराठीला तिच्या सर्वोत्तम आत्मचरित्रांतलं एक मिळालं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन'ही तिनंच पुढे नेलं. त्यांचे अकराच्या आसपास अध्याय झाले होते, हिनं चौसष्ट लिहिले. १९३६च्या फेब्रुवारीत ती गेली तेव्हा शेवटचा उरला होता, तो देवदत्तांनी पुरा केला. ग्रंथावर नाव कुणाचं आधी घेतात ते सांगायला नकोच.

२०२०च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी भरलं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवडीवरून आधी बरीच खळखळ झाली होती. आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं पुण्या-मुंबईहून मुद्दाम आलो. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, एका धर्मगुरूच्या तोंडून, आमच्या घरातल्यासारखीच मराठी ऐकताना बरं वाटलं. छाती जरा पुढे आली, हेही लपवत नाही. फक्त धाकटी बहीण म्हणाली, "परत उपदेशाला पुरुषच." आणि मांडवाबाहेर चहा घेताना आम्ही आमच्या बायकांविषयी बोलत राहिलो, भाषण अर्धं बुडालं.

त्याच रात्री घरी पेटी काढली. भाता फाटका, दोन पट्ट्या मुक्या. टिळकांचं एक पद लावलं आणि दुसऱ्या कडव्याला अडलं. नगरकडची चुलत बहीण आजीची चाल म्हणत होती, सोलापूरकडचे आत्याआजीची. आजीची चाल अभंगासारखी खाली उतरते, आत्याआजीची शेवटच्या शब्दावर वर चढते. कुठली खरी यावर मध्यरात्रीपर्यंत भांडलो. पुस्तकात बघायचा प्रश्नच नव्हता, तिथे सूर नाहीतच. भाऊ म्हणाला, दोन्ही फोनवर टिपून ठेवू. टिपल्या. आता नाताळात दोन गट पडतात आणि एकेक कडवं वाटून घेतात. मधल्या पिढीतली एक वहिनी मात्र हट्टानं तिसरीच चाल लावते, तिच्या माहेरची, जालन्याची, आणि पेटी तिलाच येत असल्यामुळे शेवटी तीच चालते.