सहा व्होल्टचा उजेड, मुक्काम अनसिंग

‘लाँग वीकएण्डला कुठे?’ या प्रश्नाची ऑफिसातली उत्तरं ठरलेली आहेत. अलिबाग, महाबळेश्वर, बोनस झाला असेल तर गोवा. मी ‘अनसिंग’ म्हटलं तेव्हा कॅण्टीनच्या टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मग एकीने विचारलं, ‘चायनीज आहे का?’

तर नाही. अनसिंग आहे वाशिम जिल्ह्यात. वाशिमहून पुसदच्या रस्त्याला लागलात की वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, मधूनच कपाशी. गावात शृंगऋषींचं देऊळ आहे आणि गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं सांगतात. रिसॉर्ट नाही, व्ह्यू पॉइण्ट नाही. माझं काम होतं मामांच्या कोठ्यात. बैल विकल्यापासून तिथे एकच जनावर उभं आहे: १९६० च्या दशकातली जावा २५०.

नव्या जावा तुम्ही रस्त्यावर पाहिल्या असतील. २०१८ मध्ये हे नाव बाजारात परत आलं, २०२२ मध्ये मागोमाग येझदीही. मामांची गाडी त्यांची आजी शोभेल. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियातली. इराणी कुटुंबाच्या ‘आयडियल जावा’ने १९६१ पासून म्हैसूरमध्ये या गाड्या बनवायला घेतल्या. सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं, १९९६ मध्ये कारखाना बंद. किक मारायची तीच दांडी दुमडून गिअर टाकायचा, आणि चावी म्हणजे हेडलाइटच्या डोक्यात खुपसायचा एक खिळा! एका जावाची चावी दुसऱ्या जावाला खुशाल चालायची. चोरांवर इतका विश्वास नंतर कुठल्या कंपनीने टाकला नसेल.

मामांच्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. मेली होती ती वायरिंग. आतलं रबर कडक होऊन फुटलेलं, वरचं सुती आवरण उंदरांनी खाल्लेलं, आणि इतक्या वर्षांत ज्याने ज्याने हात लावला त्याने मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली. हॉर्न दाबला की टेललाइट लागायचा.

मामेभावाचं म्हणणं सरळ होतं. सगळं उपटून टाकू, १२ व्होल्टचा किट बसवू, एलईडी लावू, रोज वाशिमला नेऊ. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यानेही त्याला हेच सांगितलं होतं. मामा काही बोलत नव्हते. फक्त कोठ्याची किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती.

आता गावात जुन्या बाइकच्या वायरिंगचा स्पेशालिस्ट कुठून आणायचा? तो सापडला मोटारी भरण्याच्या दुकानात. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती ‘भरायला’ टाकतो, म्हणजे आतलं जळकं तांबं काढून नवं गुंडाळायचं. रब्बीत या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि या दुकानात काय काय असतं बघा. तांब्याची तार, सोल्डर, कॉटन टेप, सुती दोरा, वार्निश, स्लीव्ह. साठ वर्षांपूर्वीच्या मोटरसायकलची वायरिंग बांधायला आणखी लागतं काय? शहरातले हौशी लोक हाच माल ‘व्हिंटेज हार्नेस’ म्हणून परदेशातून मागवतात.

दुकानातले काका आले, कोठ्यात मांडी घालून बसले आणि पक्कड पुढे करणाऱ्या मामेभावाचा हात त्यांनी अडवला. ‘कापू नोका भाऊ. कोनती तार कुठं जाते, थे पयले पायू तं द्या.’

मग अख्खा दिवस एकही वायर तुटली नाही. रंगांवर भरवसा नव्हता म्हणून प्रत्येक तारेला चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा आणि वहीत नकाशा. हत्यार म्हणजे ६ व्होल्टचा एक बल्ब आणि दोन तारा, बस्स. मल्टिमीटर होता, पण त्याच्यावर काकांचा फारसा जीव नाही. यात सॉलिड फंडा आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. बल्ब करंट ओढतो, आणि कच्चा जोड लगेच मान टाकतो.

दहावीचं फिजिक्स जरा आठवा. ३६ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपियर घेतो, ६ व्होल्टवर ६. करंट दुप्पट, म्हणून वायर जाड हवी. वर जोडाजोडांत अर्धा व्होल्ट सांडला तर १२ व्होल्टच्या गाडीत फार जाणवत नाही; ६ व्होल्टच्या बल्बचा मात्र जवळजवळ पाव उजेड जातो. ‘जुन्या गाड्यांना उजेडच नसतो’ ही बदनामी पुष्कळशी या सांडलेल्या अर्ध्या व्होल्टची. आणि सांडतो कुठे? बहुतेकदा अर्थिंगमध्ये. गाडीची फ्रेम हीच करंटची परतीची वाट. हौसेने पावडर कोटिंग करून आणलेल्या चकाचक गाड्यांचे लाइट रुसतात ते याचमुळे, रंगाने वाटच बंद केलेली असते. काकांनी अर्थच्या बोल्टखालचा रंग नाण्याएवढा खरवडला आणि लोखंड उजळ केलं. निम्मा आजार तिथेच बरा झाला, असं माझं मत.

ओरिजिनल म्हणजे नेमकं काय, यावर दुसऱ्या दिवशी रोडगे आणि वांग्याच्या भाजीवर तासभर वाद झाला. मामांना जुनी तारही हवी होती. पण फुटक्या रबराच्या वायरवर पेट्रोलची टाकी बसवायची म्हणजे हौस नाही, आत्मघात. शेवटी तह झाला. डायनॅमो, रेग्युलेटर, स्विच आणि वायरचा मार्ग जुनाच. आत नवं तांबं, प्लॅस्टिकचं नवं आवरण, वरून कॉटन टेप गुंडाळून वार्निशचा हात. बॅटरीजवळ एक फ्यूज, जो दिसणार नाही आणि ज्याच्यावर चर्चा होणार नाही.

मामेभावाचा १२ व्होल्टचा हट्ट खुळा नव्हता. रोज रात्री हायवेला गाडी काढणाऱ्याने तेच करावं. पण किटमधला इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला की अनसिंगमध्ये तो कोण उघडणार? कुरिअरची वाट बघत बसायचं. डायनॅमो मात्र याच रस्त्यावरच्या दुकानात उघडतो, भरला जातो आणि संध्याकाळी परत फिरायला लागतो. काकांनी त्याचे कार्बन बदलले, कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसला. एमरी पेपर नाही, त्याची पूड करंट वाहू शकते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डायनॅमोतलं चुंबकत्व कधी कधी पार विरून जातं. बॅटरीच्या तारेचा क्षणभर स्पर्श दिला की ते जागं होतं. हे बघताना मी अक्षरशः श्वास रोखून धरला होता, कारण इथे फसलं असतं तर मामेभावाचा किट ठरलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामांनी खिळा खुपसला. डोक्यावरचा लाल दिवा लागला. तिसऱ्या किकला इंजिन पेटलं, निळसर धूर कोठाभर झाला. मामांनी ॲक्सिलेटर जरासा पिळला आणि लाल दिवा विझला, म्हणजे डायनॅमो बॅटरी भरायला लागला. समोरच्या भिंतीवर पिवळसर गोल पडला, रेस वाढवली की जास्त पिवळा. मामींनी ओट्यावरून विचारलं, ‘एवढ्याशा उजेडासाठी तीन दिवस?’ मामा काही बोलले नाहीत. त्यांनी हॉर्न दाबला आणि या वेळी हॉर्नच वाजला. मामेभावाची एलईडी आता त्याच्या दुसऱ्या बाइकला लागली आहे, तो रात्री तीच काढतो.

जायचं असेल तर मुंबई-पुण्याहून रेल्वेने अकोला, तिथून वाशिम रस्त्याने साधारण ८० किलोमीटर. अकोला-पूर्णा लोहमार्गावर वाशिम स्टेशनही आहे. वाशिमहून पुसदकडे जाणारी एसटी पकडा. स्वतःची जुनी बाइक घेऊन निघणार असाल तर समृद्धी महामार्ग विसरा, तिथे दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्यांनी जा, दिवसाउजेडी जा, आणि गाडी ६ व्होल्टची असेल तर एक जास्तीचा बल्ब रुमालात गुंडाळून सोबत ठेवा. वाटेतल्या नव्या दुकानांत तो मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.