एका ॲम्पचे चार मालक

आमच्या ॲम्पचे चार मालक आहेत. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकी १८ हजार काढून आम्ही अमेरिकेहून कायमचे परत आलेल्या एका काकांकडून पीव्ही ५१५० घेतला. बँड दोन वर्षांत संपला. ड्रमर आता जर्मनीत आहे, बेसिस्ट बंगळुरूत आणि दुसरा गिटारिस्ट बाणेरला, म्हणजे त्याहूनही लांब. मी दापोडीतच राहिलो, म्हणून ॲम्प माझ्याकडे राहिला. मार्चमध्ये ग्रुपवर मेसेज पडला: "विकून टाकूया का? कुणी वाजवत तर नाही." मेसेज ड्रमरचा होता. त्याला पैशांची गरज होती आणि त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ५१५० हा ॲम्प १९९२ साली एडी व्हॅन हेलनबरोबर तयार झाला आणि मग मेटलवाल्यांनी तो ताब्यात घेतला. म्हणजे तो माझ्याहून वयाने मोठा आहे. माझ्यापुरती 'व्हिंटेज'ची व्याख्या तेवढीच. आत पाच छोट्या ट्यूब, १२एएक्स७, आणि चार मोठ्या, ६एल६. गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी मरतुकडा असतो. पहिली ट्यूब तो वाढवते, दुसरी आणखी वाढवते आणि पुढच्या ट्यूबला तो झेपेनासा होतो. मग लाटेचा माथा छाटला जातो. छाटलेली लाट पुढे जाते, पुन्हा वाढते, पुन्हा छाटली जाते. मधेमधे बेस थोडा गाळून टाकतात, नाहीतर शेवटी नुसता चिखल ऐकू येईल. हाय गेन म्हणजे एवढंच: एकाच आवाजाचं टप्प्याटप्प्याने केलेलं नुकसान.

आमचा ॲम्प अमेरिकन, म्हणजे १२० व्होल्टवाला. पुण्यात २३० व्होल्ट. तपकीर गल्लीतून एक जाडजूड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, तेव्हा कुठे तो सुरू झाला. व्होल्टेज बदलता येतं, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ॲम्पच्या आत एसीचं डीसी होताना जी घरघर उरते ती याच्या दुप्पट असते. म्हणजे तिकडे १२०, जवळजवळ बी हा सूर. इथे १००, जवळजवळ जी. इथे आल्यावर आमच्या ॲम्पने पट्टी बदलली, असं आमचा बेसिस्ट म्हणायचा. आम्ही बी मधली दोन गाणी जी मध्ये नेलीसुद्धा, पण ती घरघरीमुळे नाही, गायकाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यामुळे.

दापोडीत आवाजाला तोटा नाही. लोणावळा लोकल आहे, जुना हायवे आहे, एसटीचा वर्कशॉप आहे आणि २०२३ पासून डोक्यावर मेट्रो आहे. गणपतीत बेंजो पार्टी येते, आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्राचा मूळ हाय-गेन आवाज तोच आहे. बुलबुलतरंग भोंग्यात घालून तो फाटेपर्यंत वाढवलेला. त्या सुराला जी धार असते ती मिळवायला आम्ही ७२ हजार घातले. पण सोसायटीत रविवारी दुपारी गिटारचा एक कॉर्ड वाजू द्या, बेल वाजलीच. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५. म्हणून मग भोसरीतला एक लेथचा गाळा. एका मित्राच्या मामांचा. रविवारी बंद असतो.

ॲम्प १२० वॉटचा आहे. नवशिक्याला वाटतं ६० वॉट म्हणजे निम्मा आवाज. तसं नसतं. कानाला निम्मा वाटायला पॉवर साधारण एक दशांश करावी लागते. म्हणजे १२ वॉटचा ॲम्पसुद्धा याच्या निम्म्याइतका मोठा वाटेल. घरात याचा नॉब एकच्या पुढे गेलेला मला आठवत नाही.

विकायचाच तर आधी त्याची कॉपी काढू, असं मी सुचवलं. हल्ली हे सोपं आहे. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. तीनेक मिनिटांचा टेस्ट सिग्नल ॲम्पमधून सोडायचा, बाहेर आलेलं रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही न्यूरल नेटवर्कला दाखवायचं. (स्पीकर किंवा लोड बॉक्स न जोडता ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) चहा होईपर्यंत काम झालं. २२ किलोंचा ॲम्प काहीशे केबींच्या फाइलमध्ये आला. मग एकच रिफ दोनदा रेकॉर्ड करून तिघांना पाठवला, एकदा खऱ्या ॲम्पवर, एकदा फाइलवर. दोघांनी फाइललाच खरा ॲम्प म्हटलं. तिसरा म्हणाला, "दोन्ही सेमच पाठवलेत का?" हेडफोन लावून मलाही खात्रीने ओळखता येत नाही. ओळखता येतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

विकायला आणखी काय कारण हवं होतं?

गाळ्यात एक जागा आहे, ड्रिलिंग मशीनच्या डावीकडे. तिथे ॲम्पकडे तोंड करून उभं राहून एक सूर धरला की तो संपत नाही. स्पीकरने हललेली हवा तारेवर येऊन आदळते, तार पुन्हा हलते, पिकअप ते पुन्हा ॲम्पला कळवतो. चक्र पूर्ण होतं. अर्धं पाऊल सरका, तोच सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. हेडफोनमध्ये तारेला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. ट्यूबवाले चिडतील, पण यात ट्यूबचा वाटा थोडाच. फाइल मोठ्या स्पीकरवर लावून त्याच जागी उभं राहिलो तर तिथेही हे होतं, करून पाहिलंय. लागतो तो मोठा आवाज आणि एक खोली. फक्त काहीशे केबींच्या फाइलसाठी कुणी रविवारी मामांकडून गाळ्याची किल्ली मागत नाही. जर्मनीहून आलेला माणूस फाइल ऐकायला भोसरीला येत नाही. ॲम्पसाठी आला होता, मागच्या दिवाळीत, जेट लॅगसकट.

त्याच दिवशी बाबाही आले होते. आम्हाला टेम्पो मिळेना म्हणून ते कॅबिनेट उचलायला आले आणि थांबले. बाबांनी तीस वर्षं भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. अशा आवाजाने कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि डिस्टॉर्शनची सगळी धार साधारण तिथेच असते. म्हणजे मी ज्यासाठी ट्यूब, पेडल, केबल बदलत बसतो, ते त्यांच्यासाठी नाहीच. घरी मी हेडफोन लावून वाजवतो तेव्हा त्यांना फक्त तारांची टकटक करणारा मुलगा दिसतो. गाळ्यात ते कॅबिनेटजवळ गेले आणि वरच्या बाजूला हाताचा पंजा टेकवून उभे राहिले. आम्ही खालच्या ई वर पाम म्यूट करत होतो, ८२ हर्ट्झ. गाणं संपल्यावर म्हणाले, "शंभर टनाची प्रेस अशीच लागते हाताला. पण तिला ताल नसतो."

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की हिस्से मी घेतो, हप्त्याने. ड्रमरचे पैसे आधी दिले. बाणेरवाल्याने यूपीआय आयडी पाठवला आणि सोबत विचारलं की महिन्यातून एकदा वाजवायला आलो तर भाडं घेशील का. बेसिस्टने विकायलाच नकार दिला: "माझा पाव हिस्सा राहू दे. ६एल६ बदलायच्या झाल्या की माझ्या वाटणीची एक ट्यूब मी आणीन."

त्या बदलायची वेळ आलीच आहे. येत्या रविवारी गाळा मिळालाय, बाबाही येतो म्हणाले. मी माझ्यासाठी इअरप्लग मागवत होतो, तर त्यांना विचारलं, तुमच्यासाठी पण घेऊ का.

"आता कशाला?" म्हणाले.