अब्बांचा कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर बंद पडला की बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो, "आता नवाच घ्या." आम्हा तिघी बहिणींनाही दुकानात तेच सांगितले गेले. मदरबोर्ड गेला, दुरुस्तीत अर्थ नाही, आतली माहिती काढायचे पैसे वेगळे. आकडा ऐकून अम्मी गप्प झाली.

आत मरहूम अब्बांनी चार वर्षे खपून टाइप केलेला खानदानाचा शजरा होता. फूफी, चुलते, दूरचे नातेवाईक यांना फोन करकरून जमवलेली नावे, आणि मुलींची नावेही मुलांच्याच ओळीत. कागदावर प्रत नव्हती.

चुलतभावाने लॅपटॉपची डिस्क जोडायची यूएसबी केबल आणली, पण तिच्यावर डेस्कटॉपची मोठी डिस्क फिरेना. तिला 12 व्होल्ट लागतात, यूएसबीतून 5च मिळतात. शिवाय अब्बांचा मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. तो नसलेल्या मशीनवर अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हा मशीनच चालू करायचे ठरले. मधलीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, धाकटीने टॉर्च धरला, मोठीने शंका काढल्या.

आधी प्लग काढला, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले. त्याने उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. डिस्कच्या केबली सोडवून ती बाजूला ठेवली, कारण प्रयोग तिच्यावर करायचे नव्हते. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरांत जबर धक्का देण्याइतकी वीज राहू शकते.

मऊ ब्रशने धूळ झाडली. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, नाहीतर फुंकरीने तो गरगर फिरतो आणि खराब होऊ शकतो. दुकानदाराने बोर्डाचे नाव घेतले होते, म्हणून बोर्डावरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले. बिघडलेल्याची टोपी बहुधा फुगते, कधी भोवती तपकिरी द्रव सुकलेला असतो. आमच्या सगळ्या टोप्या सपाट होत्या. तेवढ्याने बोर्ड चांगला ठरत नाही, पण धीर आला.

चालू केल्यावर स्क्रीन काळी, आणि लांब लांब बीप. हे बीप म्हणजे मशीनची तक्रारच असते. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. अब्बांनी जपून ठेवलेल्या बोर्डाच्या पुस्तिकेत या आवाजापुढे "मेमरी" असे होते. दुकानात हे कोणी ऐकलेच नसावे!

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, डीडीआर3 जातीच्या. एकेका पट्टीला 240 सोनेरी टोके. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत अशा टोकांवर थर चढतो आणि संपर्क तुटतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने ती हलकेच घासली, कण झटकले, खाच जुळवून पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या खट्‌ वाजेपर्यंत दाबली. पहिली पट्टी एकटी लावली तेव्हा स्क्रीन उजळली. दुसरी कोणत्याही खोबणीत लावली तरी बीपच. ती खरोखरच गेली होती. आता मशीन निम्म्या मेमरीवर चालते, सावकाश.

तारीख 2009 सालची दिसत होती. बोर्डावरचा बटण सेल संपला की असे होते. सेलचे नाव सीआर2032, आणि माप नावातच आहे, 20 मिलिमीटर रुंदी, 3.2 जाडी. सेल स्वस्तात मिळाला. तारीख चुकली की इंटरनेटवरची पुष्कळ पाने सुरक्षिततेचे कारण देऊन उघडत नाहीत. फॉर्म भरताना कोणाला हा अनुभव आला असेल तर आधी घड्याळ पाहावे.

मग मशीन बंद करून डिस्क जोडली. सुरू करताना तिघी कान देऊन उभ्या होतो. टक्‌ टक्‌ असा आवाज आला तर ताबडतोब बंद करायचे ठरले होते, कारण तशी डिस्क जितकी फिरवावी तितकी बिघडत जाते. आवाज आला नाही, नुसती घरघर.

शजऱ्याची फाइल उघडली. तिला हात लावण्याआधी ती दोन पेन ड्राइव्हवर घेतली, आणि फॉन्टचा घोळ नको म्हणून पीडीएफही केली. एक पेन ड्राइव्ह मोठ्या फूफींकडे गेला.

शेवटच्या ओळीत मोठीच्या मुलीचे नाव होते, पुढे जन्मतारखेची जागा कोरी. अम्मीने तारीख सांगितली, धाकटीने टाइप केली.