‘बिशप टेक्स क्वीन’

मी बुद्धिबळ शिकलो ते जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून, त्यामुळे हाताला चाली लिहिण्याची जुनी पद्धत, डिस्क्रिप्टिव्ह नोटेशनच बसलं. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की ‘पॉन टू किंग फोर’. आजची मुलं अल्जिब्राइक नोटेशनमध्ये म्हणतात ‘ई-फोर’. स्पर्धेत मीही तेच लिहितो. १९८१पासून फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना अल्जिब्राइकशिवाय दुसरं नोटेशन मानत नाही, आणि वाद झाला तर दुसऱ्या पद्धतीतला कागद पुरावा म्हणून चालत नाही. घरी डाव मांडला की मात्र वहीत जुनंच नोटेशन.

कारण सांगतो. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांचा बॉबी फिशर डोनाल्ड बर्नशी खेळला. सतराव्या चालीला त्यानं उंट मागे घेतला आणि वजीर मरायला सोडला. अठराव्या चालीला बर्ननं तो मारला. अल्जिब्राइकमध्ये ही चाल ‘बिशप टेक्स बी-सिक्स’. बी-सिक्सवर काय होतं? पट समोर नसेल तर मागच्या चाली आठवत बसा. जुन्या नोटेशनमध्ये सरळ लिहिलेलं असतं : ‘बिशप टेक्स क्वीन’. पुढची चाल ‘बिशप टेक्स बिशप, चेक’. वजीर गेला, बदल्यात पहिल्यांदा काय आलं, हे नुसत्या कागदावर कळतं. लोकलमध्ये उभ्यानं पुस्तक वाचणाऱ्याला याची किंमत विचारा!

दुसरं म्हणजे, जुन्या नोटेशनमध्ये प्रत्येक जण आपल्या बाजूनं घरं मोजतो. काळ्याचा हत्ती पांढऱ्याच्या प्याद्यांच्या ओळीत घुसला की अल्जिब्राइकमध्ये तो ‘डी-टू’वर असतो, जुन्यात ‘क्वीन सेव्हन’वर. आजचे प्रशिक्षकसुद्धा काळ्याच्या त्या हत्तीला ‘सातव्या पट्टीतला हत्ती’च म्हणतात. लिहायचं एका पद्धतीनं, विचार दुसरीनं!

तोटे आहेत, नाही कशाला म्हणू? एकाच घराला दोन नावं, दोन घोडे एकाच नावाच्या घरात जाऊ शकत असतील तर कुठला ते फोड करून लिहायचं. भाषा ओलांडताना तर अल्जिब्राइकला तोड नाही. आणि ती ‘नवी’ही नाही : अलेप्पोच्या फिलिप स्टामानं १७३७ सालच्या पुस्तकात घरांना अशीच अक्षरं-आकड्यांची नावं दिली होती. स्पर्धेसाठी तीच ठीक. डाव वाचण्यासाठी, समजून घेण्यासाठी मला जुनीच सरस वाटते.

रूबेन फाइनचं ‘बेसिक चेस एंडिंग्ज’ १९४१चं, फिशरचे साठ डाव १९६९चे. मूळ आवृत्त्या दोन्हींच्या जुन्या नोटेशनमध्ये. रद्दीच्या दुकानात अशी प्रत दिसली तर ‘हे आता कोण वाचतं’ म्हणून परत ठेवू नका. उभ्या पट्ट्यांना मागच्या मोहऱ्यांची नावं आणि आडव्या पट्ट्या आपल्याकडून मोजायच्या, एवढंच शिकायचं आहे. एका संध्याकाळचं काम आहे.