नवगावहून वाचलेले 'रणांगण'

आवडत्या कादंबरीकडे आपण परततो तेव्हा बहुधा तिच्यातील एखाद्या माणसाकडे परततो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'कडे आम्ही वारंवार परतलो ते हॅर्टासाठी. १९३९ साली प्रसिद्ध झालेली, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची ही कादंबरी मराठीच्या अभ्यासक्रमांत इतकी रुळली आहे, की तिच्याविषयी काय लिहायचे हे विद्यार्थ्याला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते : आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी, युद्धाची छाया, शीर्षकाची प्रतीकात्मकता. हे सारे खरेच आहे. पण या चर्चेत ती प्रथमतः एक प्रेमकथा आहे, आणि मराठीतील सर्वांत हृद्य प्रेमकथांपैकी एक आहे, हे संकोचून सांगितल्यासारखे सांगितले जाते.

त्या काळच्या मराठी वाचकाला प्रेमकथा नवी नव्हती. ना. सी. फडक्यांची 'जादूगार' १९२८ची आणि 'दौलत' १९२९ची. फडक्यांच्या नायक-नायिकांच्या वाटेत गैरसमज येतात, वडीलधारे येतात, पैसा येतो. आणि वाचकाला मनोमन खात्री असते की या गाठी सुटण्यासाठीच मारलेल्या आहेत. बेडेकरांच्या कादंबरीतली गाठ निराळ्या जातीची आहे. युरोपातून मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा एका इटालियन जहाजावर भेटतात. आधीच्या प्रेमाने पोळलेला चक्रधर या भेटीकडे आरंभी प्रवासातला विरंगुळा म्हणूनच पाहतो. मग तो विरंगुळा राहत नाही. आणि मुंबई येते. चक्रधर उतरतो, हॅर्टाचे ते बंदर नव्हे. तिचे जहाज पूर्वेकडे जाते, तिची पत्रे येतात, आणि अखेर तिने समुद्रात उडी घेतल्याची वार्ता.

यावेळचे वाचन अलिबागला झाले. स्थळाचा परिणाम वाचनावर होतो या विधानाकडे आम्ही एरवी संशयानेच पाहतो. परंतु नकाशा हा काही रसिकतेचा प्रांत नव्हे. मुंबई बंदरातून निघून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाला आधी दक्षिणेस वळून हिंदुस्थानच्या टोकाला वळसा घालावा लागतो. म्हणजे बंदराचे मुख सोडल्यावर डाव्या हाताला येतो तो थळसमोरचा खांदेरीचा दीपस्तंभ. तो १८६७चा आहे. तेव्हा १९३८-३९ साली शांघायच्या वाटेवरील निर्वासितांना तो मिणमिणताना दिसत असणारच. कादंबरीने हा तपशील दिलेला नाही, देण्याचे कारणही नव्हते. पण चक्रधर उतरून गेल्यानंतरच्या पहिल्या रात्री हॅर्टा कठड्याशी उभी असेल, तर तिच्या समोरचा अंधारातला किनारा हा असेल : थळ, नवगाव, अलिबाग.

आणि नवगाव म्हणजे कोणता किनारा? बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे तारू येथेच फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ज्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला लावली त्यांचे दफन नवगावला झाले. पुरुषांचे एक टेकाड, स्त्रियांचे एक, असे आजही दाखवले जाते. हे केव्हा घडले यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि चौदा माणसांचा आकडा इतिहासापेक्षा आख्यायिकेच्या अधिक जवळचा आहे. परंतु पुढचे वास्तव आख्यायिका नव्हे. ही माणसे कुलाब्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवीत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली गेली, आणि गावांवरून नावे घेऊन रोहेकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर झाली. त्यांच्या स्त्रिया मंगळसूत्र घालीत. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे.

तेव्हा 'रणांगण' येथून वाचले की एक विलक्षण विसंगती समोर येते. हॅर्टाला ज्या भूमीवर पाऊल ठेवता येत नाही, त्या भूमीवर तिच्याच धर्माची माणसे शतकानुशतके मराठीत भांडत, लग्ने लावीत, मरत आली होती. यावरून आपल्या सहिष्णुतेचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. बुडालेल्या तारवातून आलेल्यांना कोणी परवाना विचारला नाही, कारण विचारणारी व्यवस्थाच नव्हती. १९३० नंतरच्या दशकात ती होती. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रवेश हवा तर हमीदार हवा, नोकरीची खात्री हवी. मुंबईच्या ज्यूंनी १९३४ साली 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' काढली ती अशाच हमीच्या खटपटीसाठी. काहींना तो आधार लाभला. व्हिसा न मागणारे शांघाय हे उरलेल्यांपैकी अनेकांचे ठिकाण झाले.

चक्रधर भ्याड आहे, असे वर्गात कोणीतरी म्हणतेच. विशेषतः विद्यार्थिनी म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. आम्हांला मात्र त्याच्या भ्याडपणाहून अधिक खटकते ती त्याची सहजता. जहाजाच्या शिडीवरून खाली येताना आपल्याजवळ जे आहे ते हॅर्टाजवळ नाही, हे त्याला कळते. पण ते आपण कमावलेले नाही हे त्याच्या मनाला कितपत शिवते? तो दुःखी होऊन उतरतो. दुःखी होऊन का होईना, उतरतो. प्रेमकथेचा निवाडा भावनेने न होता उतरण्याच्या हक्काने होतो, हे बेडेकरांनी जसे दाखवले तसे त्यांच्या समकालीनांपैकी कोणी दाखवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

मग हॅर्टा कशाने मरते? प्रेमभंगाने, असे म्हटले तर ती फडके-युगाची नायिका ठरते. निर्वासितपणाने, असे म्हटले तर ती इतिहासाचे उदाहरण ठरते, आणि उदाहरणासाठी कोणी रडत नाही. आजच्या वाचकाजवळ एक ज्ञान आहे जे १९३९च्या लेखकाजवळ असणे शक्य नव्हते. शांघायला पोहोचलेले बहुतेक ज्यू निर्वासित, पुढे जपानी अमलात हालअपेष्टा सोसूनही, युद्धातून वाचले. मागे युरोपात राहिलेल्यांचे काय झाले ते सांगायला नको. म्हणजे हॅर्टा ज्या दिशेला जात होती तिकडे जगण्याची शक्यता होती; आणि तिने तीच नाकारली. या माहितीने तिचा मृत्यू अधिकच असह्य होतो. केवळ जिवंत ठेवणारी भूमी तिला पुरेशी वाटली नाही. जिथे कोणीतरी आपली वाट पाहत आहे अशी भूमी तिला हवी होती. ती डाव्या हाताला होती, आणि मागे पडत होती.

मराठी समीक्षेने हॅर्टाला परदेशी नायिका म्हणून गौरवले. तिच्या शेजारी अलिबागच्या आळीतील एखादी पेणकर वा रोहेकर स्त्री उभी करून पाहिल्याचे निदान आमच्या वाचनात आले नाही. ज्यू म्हणजे दूरचा, हे गृहीतक आमच्या वाङ्मयव्यवहारात मुरले आहे. वास्तविक हायम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला होता. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. 'रणांगण'च्या अवघी दोन वर्षे आधी.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथेही १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांना मान्यता देण्याविषयी काही धर्मपंडितांनी शंका काढली; तुमचे ज्यूपण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहिले कशावरून, असा तो सवाल होता. धरणी, निदर्शने झाली आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. ज्यांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणून जागा मिळाली, त्यांना स्वतःच्या देशात लग्न लावण्यासाठी पुरावा मागितला गेला.

नवगावच्या दफनभूमीतून समुद्र दिसतो. 'रणांगण'ची शेवटची पाने तिथे वाचताना आम्ही नेहमीपेक्षा हळू वाचत गेलो. पत्रे लिहिणाऱ्या हॅर्टाला अजून काहीच ठाऊक नसते. तिला वाटत असते, उत्तर येईल.